आधी ओहम बघा, मग वॅट: गाडीतल्या बासचे वाचकांचे प्रश्न

गाडीत बास बसवताना लोक वॅट विचारतात, इंच विचारतात, बॉक्सला कापड कुठल्या रंगाचं लावणार तेही विचारतात, पण ॲम्पच्या टर्मिनलवर शेवटी किती ओहम, म्हणजे करंटला किती अडथळा, पडणार हे विचारणारा माणूस कोल्हापूरच्या उद्यमनगरात बेंचवर बसून इतकी वर्षं झाली तरी मला फार कमी भेटलाय. यावेळी आलेले प्रश्न वाचले तर बहुतेकांची गाडी तिथंच अडलेली दिसली, म्हणून हे सदर सगळं त्यालाच दिलंय. ओहम ऐकून घाबरू नका, शाळेत शिकलो तोच नियम आहे, जर्मनीच्या गेओर्ग ओहमनं १८२७ साली मांडलेला, आणि बेरीज-भागाकार येत असेल तर तेवढ्यावर सगळं भागतं.

प्रश्न: दादा, माझी स्विफ्ट आहे. १२ इंची दोन सबवूफर घेतलेत, दोन्ही ड्युअल कॉइल ४ ओहमचे (म्हणजे आत तारेच्या दोन गुंडाळ्या, प्रत्येकी ४ ओहम), एकेक ३०० वॅट आरएमएस (सतत झेपणारे वॅट). ॲम्प मोनो, म्हणजे एकाच चॅनेलचा आहे, त्याच्यावर लिहिलंय ४ ओहमला ३०० वॅट आणि २ ओहमला ५०० वॅट. दुकानात जोडून दिलं, हळू आवाजात लय भारी वाजतंय पण आवाज वाढवला की दोन-तीन मिनिटांत लाल लाइट लागून बंद पडतंय, थोड्या वेळानं परत चालू. दुकानदार म्हणतोय ॲम्प कमी पडतोय, मोठा घे. खरंच घेऊ काय? जोडणीचा फोटो पाठवलाय. (एक वाचक, कसबा बावडा)

उत्तर: भावा, ॲम्प बदलू नकोस, तो स्वतःचा जीव वाचवायला बंद पडतोय. फोटोत स्पष्ट दिसतंय की चारही कॉइलचे प्लस एका ठिकाणी आणलेत आणि चारही मायनस एका ठिकाणी, म्हणजे सगळ्या कॉइल पॅरलल. ४ ओहमच्या दोन कॉइल पॅरलल केल्या की २ ओहम होतात आणि चार केल्या की १ ओहम. तुझ्या ॲम्पवर सगळ्यात खालचा आकडा २ आहे, १ ओहमला किती वॅट हे लिहिलेलंच नाही, म्हणजे बनवणाऱ्यानं तो लोड त्याच्यासाठी धरलेलाच नाही. हळू आवाजात करंट थोडा लागतो म्हणून चालून जातं, आवाज वाढला की आतल्या मॉसफेटमधून (पॉवर देणारे ट्रान्झिस्टर) २ ओहमच्या हिशेबापेक्षा दुप्पट करंट ओढला जातो, ते तापतात आणि प्रोटेक्ट, म्हणजे तो लाल लाइट, लागतं. तुझ्या ॲम्पचं प्रोटेक्शन नीट चालतंय हे नशीब समज, स्वस्तातल्या बऱ्याच ॲम्पमध्ये ते वेळेवर लागत नाही आणि जळका वास हाच पहिला इशारा असतो.

पॅरलल आणि सिरीज डोक्यात बसत नसेल तर उसाला पाणी पाजताना काय होतं ते आठव. पाइपला एक कॉक उघडला तर ठराविक पाणी जातं, शेजारचा दुसरा पण उघडला की पाण्याला दोन वाटा झाल्या, अडथळा कमी झाला, मोटार जास्त पाणी फेकते, हे पॅरलल. आणि एकाच पाइपला पुढं तेवढाच दुसरा पाइप जोडून लांब नेला तर पाण्याला दोन्ही पाइपांचा अडथळा पार करावा लागतो, पाणी कमी येतं, हे सिरीज. म्हणून सिरीजमध्ये ओहमची बेरीज होते आणि पॅरललमध्ये, सगळ्या कॉइल सारख्या असतील तर, एका कॉइलच्या ओहमला कॉइलच्या संख्येनं भागायचं. बस्स एवढंच गणित आहे. ॲम्पला डिकीत किती सबवूफर ठेवलेत हे कळत नाही, त्याला फक्त टर्मिनलवर पडलेला ओहमचा आकडा कळतो.

आता तुझी अडचण अशी आहे की ॲम्पला पाहिजेत २ ओहम आणि तुझ्या चार कॉइलमधून २ ओहम निघतच नाहीत. सगळ्या पॅरलल केल्या तर १, सगळ्या सिरीज केल्या तर १६, दोन-दोनच्या जोड्या केल्या तर ४. चारही कॉइलना सारखी पॉवर द्यायची तर दुसरा कुठलाच आकडा येत नाही. हे सबवूफर विकत देतानाच तुला कुणीतरी सांगायला पाहिजे होतं, कारण त्याच मॉडेलचे ड्युअल २ ओहमचे दोन घेतले असते तर प्रत्येकाच्या दोन कॉइल सिरीज करून ४, मग दोन्ही सबवूफर पॅरलल करून २, आणि तुझ्या ॲम्पला अगदी बरोबर लोड मिळाला असता.

पण आता जे घेतलंय ते ४ ओहमवर जोड. प्रत्येक सबवूफरवर एका कॉइलचा मायनस आणि दुसऱ्या कॉइलचा प्लस यांच्यामध्ये छोटी वायर टाक, म्हणजे तो सबवूफर ८ ओहमचा झाला, त्याच्यावर एक प्लस आणि एक मायनस मोकळा राहतो. दोन्ही सबवूफरचे मोकळे प्लस ॲम्पच्या प्लसला, मोकळे मायनस मायनसला. ८ आणि ८ पॅरलल, ४ ओहम. उलट पद्धतीनं, म्हणजे आधी कॉइल पॅरलल आणि मग दोन सबवूफर एकमेकांना सिरीज, असं केलं तरी ४ च येतात, पण मी पहिली पद्धत सांगतो कारण तिच्यात उद्या एखादी कॉइल तुटली तर दुसरा सबवूफर वाजत राहतो आणि ॲम्पवर ८ ओहम पडतात, त्याला धोका नाही. दुसऱ्या पद्धतीत दोन सबवूफर एका साखळीत असतात, एकाची लाइन तुटली की दोन्ही गप्प.

एक गोष्ट बघून ठेव, बऱ्याच मोनो ॲम्पवर प्लस-मायनसच्या दोन जोड्या असतात आणि लोकांना वाटतं हे दोन चॅनेल आहेत. नाहीत. आतून त्या एकमेकांना जोडलेल्याच असतात, वायर टाकायला सोय म्हणून दिलेल्या. एका जोडीवर एक सबवूफर आणि दुसऱ्या जोडीवर दुसरा लावला तरी ते पॅरललच.

५०० चे ३०० वॅट झाले म्हणून नाराज होऊ नकोस. ५०० आणि ३०० वॅटमधला फरक कानाला २ डेसिबलच्या थोडासा वर पडतो, गाडीत बसून नीट लक्ष दिलं तर कळेल इतकाच. आणि दोन सबवूफर असल्यामुळं हवा ढकलणारा कोन दुप्पट आहे, तेवढ्याच एकूण वॅटमध्ये एकापेक्षा दोन सबवूफर साधारण ३ डेसिबल जास्त देतात. म्हणजे एकच सबवूफर २ ओहमवर लावून ३०० वॅट द्यायचे, का दोन्ही ४ ओहमवर लावून दोघांत मिळून ३०० द्यायचे, असा प्रश्न असेल तर दोन्हीच लाव. बॉक्स आहे, पैसे गेलेत, ॲम्प थंड राहील आणि रंकाळ्याला चार चकरा मारल्या तरी लाल लाइट लागणार नाही.

प्रश्न: सबवूफर ४ ओहमचा म्हणून विकलाय पण मल्टीमीटरवर ३.४ दाखवतोय. फसवलं काय? (एक वाचक, फुलेवाडी)

उत्तर: नाही. मीटर बॅटरीचा डीसी करंट सोडून फक्त तारेचा रोध मोजतो, आणि ४ ओहम हा गाणं वाजत असतानाच्या एसी सिग्नलसाठी धरलेला ढोबळ आकडा आहे, तो प्रत्यक्षात प्रत्येक सुराला वर-खाली होत असतो. ४ ओहमची कॉइल मीटरवर साधारण ३.२ ते ३.८ दाखवते, ती चांगली. मीटरच्या दोन पिना एकमेकांना टेकवून काय आकडा येतो तो पण आधी बघा आणि वजा करा, स्वस्त मीटरच्या वायरीच ०.२-०.३ ओहम खातात आणि इथं तेवढ्यानं फरक पडतो. आकडाच आला नाही तर कॉइल तुटली, जवळजवळ शून्य आला तर कॉइल शॉर्ट. कोन दोन्ही हातांनी सरळ, हळूच आत दाबून बघा, आकडा मधेच उडाला किंवा खरखर जाणवली तर कॉइल घासतेय.

माझी सगळ्यांना एक विनंती आहे, सगळी जोडणी झाली की वायर ॲम्पला लावायच्या आधी त्या दोन टोकांवर मीटर लावा. ४ ओहमचा हिशेब असेल तर साडेतीनच्या आसपास, २ चा असेल तर पावणेदोनच्या आसपास आकडा यायला पाहिजे. १ च्या खाली आला की थांबा. अर्धा मिनिट लागतो आणि ॲम्प वाचतो.

प्रश्न: माझ्याकडं बोलेरो आहे. ४ चॅनेल ॲम्प आहे, ४ ओहमला ७५ वॅट गुणिले ४, २ ओहमला १०० गुणिले ४, आणि ब्रिज केला तर ४ ओहमला २०० गुणिले २ असं लिहिलंय. पुढचे दरवाजाचे स्पीकर दोन चॅनेलवर आणि मागचे दोन चॅनेल ब्रिज करून त्याच्यावर १० इंची सबवूफर असं करायचंय. सबवूफर ड्युअल ४ ओहमचा आहे. २ ओहम करू का ८? २ केला तर जास्त वाजेल असं मित्र म्हणतोय. (एक वाचक, गडहिंग्लज)

उत्तर: ८ करा. मित्राचं म्हणणं मोनो ॲम्पला लागू पडतं, तुमच्या ब्रिजला नाही. ब्रिज म्हणजे दोन चॅनेल एकाच कॉइलला दोन टोकांनी जोर लावतात, एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, त्यामुळं प्रत्येक चॅनेलला वाटतं की आपल्यावर निम्मेच ओहम आहेत. ४ ओहम ब्रिजवर लावले तर प्रत्येक चॅनेलला २ दिसतात, तुमच्या ॲम्पची तीच शेवटची पायरी. २ ओहम ब्रिजवर लावले की प्रत्येकाला १ दिसणार आणि ॲम्प जाणार. म्हणूनच तुमच्या ॲम्पवर ब्रिजचा आकडा फक्त ४ ओहमला दिलाय, खाली नाही.

८ वर काय मिळेल? प्रत्येक चॅनेलला ४ दिसतात, ४ ओहमला ७५ वॅट, दोन चॅनेलचे मिळून १५०. म्हणजे २०० च्या जागी १५०, फरक सव्वा डेसिबल. हे मी मुद्दाम आकड्यात सांगतोय कारण "८ ओहमवर सबवूफर मरतो" असं सगळीकडं बोललं जातं आणि त्या भीतीनं लोक २ वर लावून ॲम्प जाळून घेतात. सव्वा डेसिबलसाठी नवा सबवूफर घ्यायची गरज नाही. आणि कधी पुढं बदलायचाच झाला तर सिंगल कॉइल ४ ओहम किंवा ड्युअल २ ओहम घ्या, दुसऱ्याच्या कॉइल सिरीज केल्या की ४ होतात, तो तुमच्या ब्रिजचा खरा जोडीदार.

ब्रिजला कुठला प्लस आणि कुठला मायनस वापरायचा ते ॲम्पवर टर्मिनलच्या वर रेघ मारून छापलेलं असतं, ते बघूनच लावा, अंदाजानं नको. आणि ब्रिजची कुठलीच बाजू गाडीच्या बॉडीला टेकू देऊ नका.

प्रश्न: माझ्याकडं १२ इंची ४ ओहम सिंगल कॉइल आहे, भावाचा १० इंची २ ओहम पडून आहे. दोन्ही एकाच मोनो ॲम्पवर लावता येतील का? (एक वाचक, मंगळवार पेठ)

उत्तर: नको. पॅरलल केले तर १.३३ ओहम होतात आणि पॉवर सारखी वाटली जात नाही, दोन तृतीयांश २ ओहमवाल्याला जाते, म्हणजे लहान सबवूफरवर मोठा भार आणि मोठा निम्म्याच कामावर. सिरीज केले तर ६ ओहम आणि मग उलटं, दोन तृतीयांश मोठ्याला. शिवाय दोघांना बॉक्स वेगळा लागतो, आवाजाची वेळ जुळत नाही. भावाचा पडून आहे तर त्याच्यासाठी वेगळा छोटा ॲम्प बघा, घरात टीव्हीजवळ वाजवा, पण एका वायरीत दोघं नकोत.

प्रश्न: ड्युअल कॉइलमधली एकच कॉइल जोडली तर चालेल का, तेवढ्यानं ४ ओहम येतात? (एक वाचक, कागल)

उत्तर: ओहम जुळतील पण सबवूफर निम्माच राहील. ३०० वॅटचा सबवूफर एका कॉइलवर १५० च झेपवतो, चुंबकाच्या जोराचा पण निम्माच फायदा मिळतो आणि बॉक्स ज्या हिशेबानं बनवलाय तो हिशेब बिघडतो. मोकळ्या कॉइलची टोकं एकमेकांना चिकटली तर ती ब्रेकसारखी वागते, कोन हलायलाच मागत नाही. दोन्ही जोडा.

प्रश्न: मी ५०० वॅटचा ॲम्प लावलाय, किट बरोबर आलेली ८ गेज वायर टाकलीय, डिकीत ॲम्पजवळ ६० अँपियरचा फ्यूज. रात्री गाणं जोरात लागलं की हेडलाइट प्रत्येक ठोक्याला मंद होतात आणि वायर हाताला गरम लागते. ओहम चुकलेत का? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर: ओहम बरोबर असतील पण वायर चुकलीय आणि फ्यूजची जागा तर फारच चुकलीय, आधी फ्यूजचं बोलतो.

पूर्वी माझ्याच गाडीत एका दुकानानं ॲम्प बसवून दिला होता, तेव्हा मी स्वतः हे काम करत नव्हतो. बॅटरीची वायर इंजिनच्या मागच्या पत्र्यातून आत घेतली होती आणि त्या भोकाला रबराचा ग्रोमेट घातला नव्हता. काही महिने काही झालं नाही. पन्हाळ्याला चढताना डॅशबोर्डच्या खालून धूर यायला लागला, घरातली माणसं गाडीत होती. पत्र्याच्या कडेनं वायरचं कव्हर कापलं गेलं आणि उघडी तार बॉडीला टेकली. बॅटरीपासून तिथपर्यंत मधे फ्यूजच नव्हता, फ्यूज डिकीत होता आणि शेवटपर्यंत अगदी धडधाकट राहिला, कारण करंट त्याच्यापर्यंत जातच नव्हता. पान्यानं बॅटरीचं टर्मिनल सोडवलं तेव्हा थांबलं. माझी आई दाराशी बसली होती आणि दाराची कुलपं आतून उघडेनात, ते मला आजही नीट आठवतं. फ्यूज ॲम्पसाठी नसतो, वायरसाठी असतो. म्हणून तो बॅटरीच्या प्लसपासून ४५ सेंटिमीटरच्या आत, बॉनेटमध्येच पाहिजे. डिकीत अजून एक लावायचा असेल तर लावा, पण बॅटरीजवळचा आधी. आणि ग्रोमेट अगदी स्वस्त वस्तू आहे, त्याच्याशिवाय पत्र्यातून वायर घ्यायची नाही म्हणजे नाही.

आता वायर. ५०० वॅट बाहेर द्यायचे तर क्लास डी ॲम्प साधारण पाऊणपट कार्यक्षम धरला तरी आत ६६० वॅटच्या वर लागतात, गाडी चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट धरले तर ४८ अँपियर. ८ गेज तांब्याच्या ५ मीटर वायरवर एवढ्या करंटला अर्धा व्होल्ट वायरमध्येच जातो, ४ गेजमध्ये ०.२ व्होल्ट (गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड). आणि किटमधली वायर बहुतेक वेळा निव्वळ तांब्याची नसते, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो, तिच्यात आणखी जातो, त्याचीच ऊब तुमच्या हाताला लागतेय. ओळखायचं कसं, तर एक तार ब्लेडनं खरवडा, आतून चंदेरी निघाली तर ॲल्युमिनियम, आतपर्यंत तांबूस असेल तर तांबं. ४ गेज तांब्याची घ्या, २१ चौरस मिलिमीटर असं मागितलं तरी लक्ष्मीपुरीत इलेक्ट्रिकच्या दुकानात कळतं, तिच्यावर तोच ६० चा फ्यूज बॅटरीजवळ चालेल.

मायनसची वायर पण तेवढ्याच जाडीची पाहिजे, हे लोक विसरतात. डिकीत पत्र्याचा रंग घासून चकचकीत करा, थिंबल दाबून नटानं घट्ट आवळा, वायर अर्ध्या मीटरपेक्षा लांब नको, आणि वरून थोडं ग्रीस लावा नाहीतर आपल्याकडच्या पावसाळ्यात दोन वर्षांत गंज धरतो. सीट बेल्टच्या बोल्टला ही अर्थिंगची वायर जोडू नका.

एवढं करूनही लाइट मंद होत असतील तर गाणं वाजत असताना मीटर ॲम्पच्या प्लस-मायनसवर लावून बघा आणि मग बॅटरीवर लावून बघा. बॅटरीवर १३.५ आणि ॲम्पवर १२ असेल तर चूक वायरीत, दोन्हीकडं पडत असेल तर बॅटरी जुनी झाली किंवा डायनॅमो पुरत नाही. मोठा गोल कपॅसिटर लावून घेऊ नका, त्यानं करंट तयार होत नाही.

प्रश्न: नमस्कार, माझ्या मिस्टरांच्या गाडीतला सबवूफर जळला. तो ४०० वॅट आरएमएसचा होता आणि ॲम्प फक्त २५० वॅटचा, २ ओहमवर बरोबर जोडलेला. दुकानात म्हणाले छोट्या ॲम्पवर मोठा सबवूफर जळूच शकत नाही, तुम्हीच पाणी घातलं असेल. आता नवा आणलाय, तो जळू नये म्हणून काय करायचं? मीटर घरी आहे, मी स्वतः मोजू शकते. (एक वाचिका, नागाळा पार्क)

उत्तर: ताई, पाणी-बिणी काही नाही, छोट्या ॲम्पवर सबवूफर जळतो आणि बऱ्याचदा जळतो. ॲम्पवर गेन नावाचं बटण असतं, लोक त्याला आवाजाचं बटण समजून शेवटपर्यंत फिरवतात. मग ॲम्पच्या ताकदीबाहेर सिग्नल जातो आणि लाटेची वरची-खालची टोकं कापली जाऊन ती चौकोनी होते. चौकोनी लाटेत त्याच ॲम्पमधून जवळजवळ दुप्पट पॉवर कॉइलमध्ये जाते, म्हणजे तुमच्या २५० चे ५०० च्या जवळ, आणि ती सतत. बास बूस्ट पूर्ण आणि टेपचा आवाज पूर्ण असेल तर गाणंभर तेच चालू राहतं, कॉइलला थंड व्हायला उसंतच मिळत नाही.

मीटर आहे म्हटल्यावर निम्मं काम झालं. सबवूफरच्या वायरी ॲम्पवरून काढा. गेन पूर्ण शून्यावर, बास बूस्ट बंद, टेपचं इक्वलायझर सगळं मधोमध. मोबाइलवर ५० हर्ट्झचा, शून्य डेसिबलचा टेस्ट टोन घ्या आणि शक्यतो पेनड्राइव्हवर टाकून लावा, ब्लूटूथला आवाज कमी-जास्त होतो. टेपचा आवाज तुम्ही कधी जास्तीत जास्त ठेवता तिथं, म्हणजे साधारण तीन चतुर्थांशावर. गाडी चालू ठेवा. मीटर एसी व्होल्टवर करून ॲम्पच्या सबवूफर टर्मिनलवर लावा आणि गेन हळूहळू वाढवत ठरलेल्या आकड्यावर थांबा. आकडा काढायचा म्हणजे वॅट गुणिले ओहम आणि त्याचं वर्गमूळ. तुमचं २५० गुणिले २ म्हणजे ५००, वर्गमूळ २२.४, तर २२ व्होल्टवर थांबा. तिथं पेनानं खूण करा आणि परत हात लावू नका, मिस्टरांना पण लावू देऊ नका. आता टोन बंद करून मगच सबवूफर जोडा.

हाच हिशेब बाकीच्यांनीही ठेवा, ३०० वॅट ४ ओहमला ३४.६ व्होल्ट, तेच ३०० वॅट २ ओहमला २४.५. ओहम बदलला की व्होल्ट बदलतो, म्हणजे जोडणी बदलली की गेन परत लावायचा, जुन्या खुणेवर ठेवायचा नाही.

लो पास फिल्टर (फक्त खालचे सूर पुढं सोडणारा) ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा. आणि बॉक्सला भोक असेल, म्हणजे पोर्टवाला असेल, तर सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे सूर अडवणारा) चालू करा, त्या भोकाच्या ट्यूनिंगच्या खाली कोनवर हवेचा दाब राहत नाही आणि तो मोकाट हलून फाटतो.

प्रश्न: एक सबवूफर होता तेव्हा बास जास्त होता, दुसरा जोडल्यावर कमी झाला. असं कसं? (एक वाचक, जयसिंगपूर)

उत्तर: एकाचा प्लस-मायनस उलटा लागलाय. एक कोन बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो, हवा जिथल्या तिथं मिटते. वायरी ॲम्पवरून काढून दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा, प्लसला प्लस लावल्यावर कोन बाहेर यायला पाहिजे, दोन्ही सबवूफर आणि ड्युअल असेल तर प्रत्येक कॉइल वेगवेगळी करून बघा. एकाच सबवूफरमधल्या दोन कॉइल एकमेकींच्या उलट्या लागल्या असतील तर तो वाजतच नाही, फक्त तापतो, म्हणून हे लवकर बघा.

प्रश्न: गाडीला रेस दिली की स्पीकरमधून कुईंऽऽ असा आवाज वाढत जातो. (एक वाचक, गोकुळ शिरगाव)

उत्तर: बॅटरीची वायर आणि आरसीए वायर (टेपकडून ॲम्पला सिग्नल नेणारी) गाडीच्या एकाच बाजूनं नेल्यात का बघा, एक डावीकडून एक उजवीकडून न्या. तरी राहिला तर अर्थिंगची जागा परत घासून आवळा, दहातल्या आठ वेळा तिथंच असतं.

प्रश्न: सर, मी पॉलिटेक्निकला आहे, अजून काहीच घेतलं नाही. सगळे म्हणतात १ ओहमवर चालणारा ॲम्पच घे, तोच खरा. एक किंवा दोन सबवूफर लावणार आहे, आय-ट्वेंटी आहे. आधी काय घेऊ? (एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर: तू घ्यायच्या आधी विचारलंस, माझ्याकडं असे लोक फार कमी येतात, मन लावून सांगतो.

१ ओहम वाईट नाही, पण त्याची किंमत मोजावी लागते. तेवढेच वॅट १ ओहमवर काढायचे तर कॉइलकडं जाणारा करंट ४ ओहमच्या दुप्पट होतो, ॲम्प जास्त तापतो, कार्यक्षमता घटते, बॅटरीकडून जास्त ओढतो आणि सबवूफरच्या बारीक वायरीतला अगदी छोटा अडथळा पण मोठा वाटायला लागतो. स्पर्धेत डेसिबल मोजणाऱ्यांना ते लागतं, त्यांच्या गाडीत बॅटऱ्या पण दोन-तीन असतात. तुला आय-ट्वेंटीत मूळ डायनॅमोवर गाणी ऐकायचीत, एवढ्या लहान केबिनमध्ये ३०० वॅट खरे आरएमएस मिळाले तरी आरसे हलतात. वॅट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात, आणि आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात, हे लक्षात ठेवून पैसे कुठं घालायचे ते ठरव. मी तरी चांगल्या बॉक्सवर घालीन.

क्रम असा ठेव. पहिलं, सबवूफर एक का दोन हे आत्ताच ठरव, नंतर बघू म्हणू नकोस. दुसरं, ॲम्पचा कागद काढून तो कुठल्या ओहमला किती आरएमएस देतो ते वाच, खोक्यावरचा मॅक्स वॅटचा मोठा आकडा सोडून दे. तिसरं, त्या ओहमला जुळणाऱ्या कॉइलचा सबवूफर घे. एकच घेणार असशील तर ड्युअल २ मधून १ किंवा ४ निघतात, ड्युअल ४ मधून २ किंवा ८. दोन घेणार असशील तर ड्युअल २ मधून अर्धा, २ किंवा ८, आणि ड्युअल ४ मधून १, ४ किंवा १६. सिंगल ४ चे दोन घेतले तर २ किंवा ८. बाजारातल्या बऱ्याच मोनो ॲम्पचा कस २ ओहमला असतो, त्यामुळं एकच लावणार असशील तर ड्युअल ४, दोन लावणार असशील तर ड्युअल २. नेमकं इथंच लोक उलटं करतात, आज एक ड्युअल ४ घेतात, सहा महिन्यांनी त्याच्या जोडीला तसाच दुसरा, आणि मग बावड्याच्या मित्रासारखे १ आणि ४ च्या मधे अडकतात.

दुकानात सबवूफरच्या मागचं स्टिकर बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस, एकाच मॉडेलचे २ आणि ४ ओहमचे दोन्ही प्रकार खोक्यावरून सारखेच दिसतात, फरक शेवटच्या एखाद्या अक्षरात असतो. मीटर खिशात घेऊन जा आणि तिथंच दोन्ही कॉइल मोजून घे. बिलावर कॉइलचे ओहम लिहून घे, बदलायची वेळ आली तर तेच कामाला येतं.